पूर्ण रेस दिली की फटाके: पंधरा वर्षांच्या बाईकचा दोष शोधताना

ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेलं दुखणं फेब्रुवारी 2025 मध्ये संपलं. मधल्या काळात मी तीन मेकॅनिकांकडे गेलो, इंजिन खोलायचं ठरता ठरता थांबलं, आणि शेवटी दोष निघाला शंभर-सव्वाशे रुपयांच्या वस्तूत. कोकणात खाऱ्या हवेत गाड्या वापरणाऱ्या बऱ्याच जणांना हा त्रास होत असणार. म्हणून जे जसं घडलं ते तसंच लिहितोय, तपासण्या आणि खर्चासकट.

गाडी दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली, मे 2010 ची नोंदणी. आमचं घर वेळणेश्वरच्या बाजूला. घरातून निघालं की पहिलं काम म्हणजे समुद्रकाठावरून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढणं. कामासाठी शृंगारतळी रोजची, चिपळूण आठवड्यातून एकदा तरी. म्हणजे गाडीला सपाटी कमी आणि चढ जास्त.

पाऊस सरला आणि त्या चढावर पहिल्यांदा आवाज आला. तिसऱ्या गिअरमध्ये, मागे बायको, एक्सलेटर पूर्ण पिळला आणि सायलेन्सरमधून फाट-फाट असे दोन बार निघाले. पाठोपाठ गाडीचा दम गेला, कोणी मागून धरून ठेवल्यासारखा. एक्सलेटर थोडा सोडला की आवाज बंद, गाडी शहाण्यासारखी चालते. पुन्हा पिळला की पुन्हा फटाके. सकाळी थंड इंजिनावर कमी, दुपारी इंजिन तापलं की जास्त. एकट्याने सपाटीवर चालवताना दोष जवळजवळ जाणवतच नसे.

शृंगारतळीच्या ज्या गॅरेजमध्ये मी आधी गाडी नेली, तिथल्या मुलाने ती मेन स्टँडवर लावली, कानठळ्या बसेपर्यंत रेस मारली आणि म्हणाला, "दादा, काय नाय तिला. एकदम स्मूथ हाय." त्याचं म्हणणं खरंच होतं. स्टँडवर कितीही रेस मारली तरी एक फटाका वाजत नव्हता. यातच या दोषाची मेख आहे. स्टँडवर चाक मोकळं फिरतं, इंजिनावर ओझं नसतं. ओझं नसताना फिरणारं इंजिन आणि दोन माणसांना घेऊन चढ चढणारं इंजिन यांच्या सिलिंडरमधली परिस्थिती फार वेगळी असते. तुमचा आवाज फक्त चढावर येत असेल तर मेकॅनिकला मागे बसवून चढावर न्या, आणि जमलं तर त्यालाच चालवायला द्या. आवाज ऐकल्याशिवाय त्याने पाना हातात घेतला तर पुढचं सगळं अंदाजावर चालतं.

त्याने कार्बोरेटर धुतला, एअर फिल्टर साफ केला, नवा प्लग टाकला. साडेसहाशे रुपये झाले. आठवडाभर गाडी बरी चालली. मग एका उन्हाळी दुपारी (नोव्हेंबरमध्येही आमच्याकडे दुपार उन्हाळीच असते) आवाज परत आला.

दुसरं गॅरेज चिपळूणचं, मोठं. तिथे गाडी ठेवून घेतली आणि संध्याकाळी सांगितलं की व्हॉल्व्ह बसत नसावेत, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागेल, ग्राइंडिंग आणि पॅकिंग धरून सहा-सात हजार होतील. "नसावेत" हा शब्द मला खटकला. मी विनंती केली की निदान टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) तपासा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का, ते बघा. टॅपेटची फट फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी मोजली, इंजिन पूर्ण थंड असताना, दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापात होती. ही तपासणी करून घ्याच. टॅपेट घट्ट झाले तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, गरम इंजिनावर तर अजिबात नाही, आणि मग मागे सायलेन्सरमधून किंवा पुढे कार्बोरेटरमधून बार निघतात. कॉम्प्रेशनही चांगलं आलं. म्हणजे हेड उतरवायला सबळ कारण उरलं नाही. तपासणीचे तीनशे रुपये देऊन मी गाडी घेऊन आलो.

त्याच फेरीत बहादूरशेख नाक्याच्या पुढे पोलिसांनी अडवलं. नेमका त्यांच्यासमोर बार निघाला होता आणि त्यांना वाटलं, हा फटाके वाजवणारा सायलेन्सर लावून फिरतोय. हल्ली पोरं तसे सायलेन्सर लावतात, आवाजाच्या नियमाखाली दंडही मोठा होतो, कायद्यात दहा हजारांपर्यंतची तरतूद आहे. त्यांनी वाकून पाहिलं, सायलेन्सर मूळचाच आहे हे दिसलं, कागद बघितले, पीयूसी बघितली आणि "दुरुस्त करून घ्या" म्हणून सोडलं. बोलणं सभ्य होतं. पण मला तेव्हा कळलं की आता हे लांबवून चालणार नाही. मे 2025 मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती, आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्राचं) नूतनीकरण करायचं होतं, आणि आरटीओच्या निरीक्षकासमोर गाडीने असा बार काढला तर?

पीयूसीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. या सगळ्या त्रासाच्या काळात माझी पीयूसी विनातक्रार पास झाली होती. माझ्यासारख्या 2010 च्या फोर-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन 4500 पीपीएमच्या आत लागतं, आणि ही मोजणी आयडलिंगवर, म्हणजे एक्सलेटर न देता इंजिन नुसतं चालू ठेवून होते. माझा दोष आयडलिंगला दिसणाराच नव्हता.

डिसेंबरमध्ये मी स्वतः एकेक गोष्ट बाजूला काढत जायचं ठरवलं. मी मेकॅनिक नाही. पण पाना-पकड चालवता येते आणि संध्याकाळी वेळ असतो. एक वही केली. गिअर कुठला, एक्सलेटर किती, इंजिन थंड की गरम, एकटा की डबलसीट, टाकीत पेट्रोल किती, हवा कशी. एक्सलेटरच्या मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या. या खुणांचा उपयोग फार झाला. कार्बोरेटरमध्ये साधारण पाव एक्सलेटरपर्यंत पायलट जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या भोकाचा) अंमल असतो, मधल्या भागात सुईचा आणि पूर्ण उघडल्यावर मेन जेटचा, म्हणजे मोठ्या भोकाचा. त्यामुळे दोष नक्की किती एक्सलेटरला येतो हे कळलं की अर्धी शोधाशोध कमी होते.

पहिला प्रश्न मात्र त्याच्याही आधीचा: आवाज पुढून येतो की मागून? कार्बोरेटरच्या बाजूने शिंकल्यासारखा "फुस्-टप्" आवाज आला तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी आणि हवा जास्त होतेय, किंवा इनटेकचा व्हॉल्व्ह मिटत नाहीये. सायलेन्सरमधून बार निघाला तर न जळलेलं पेट्रोल मागे जाऊन तिथे पेट घेतंय. त्यातही एक्सलेटर सोडल्यावर, उतारावर येणारी पटपट वेगळी. तिचं कारण बहुधा बेंड पाईपच्या (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाईपच्या) जोडातून आत शिरणारी हवा असते, किंवा एक्झॉस्टमध्ये जादा हवा सोडणाऱ्या नळीतला बिघाड. माझा आवाज मागून होता आणि एक्सलेटर पिळतानाच होता. बायकोला मागे बसवून मुद्दाम ऐकायला सांगितलं. तिचा कान माझ्यापेक्षा तिखट. ती म्हणाली, "बार निघायच्या आधी क्षणभर इंजिन गप्प होतं, मग मागे वाजतं." वहीत मी हे वाक्य ठळक लिहून ठेवलं. इंजिन गप्प होणं म्हणजे एक ठिणगी हुकणं.

तरी पेट्रोलची बाजू आधी निकालात काढायची होती. पेट्रोल कॉकमधून रात्री थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं. पावसाळ्यानंतर हे जरूर करावं. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते मिसळून जातं, पण मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर होऊन तळाशी बसतो आणि कॉकमधून पहिल्यांदा तोच जातो. सकाळी बाटली उजेडात धरली, थर नव्हता. मग टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक: गाडीने दम सोडला की थांबून झाकण उघडायचं. आत हवा ओढल्याचा "सुस्स" आवाज आला तर भोक बुजलंय. माझं मोकळं होतं. पेट्रोल कमी पोचत असेल तर गाडी पूर्ण एक्सलेटरवर आधी चांगली ओढते आणि काही सेकंदांनी, फ्लोटची वाटी (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं ती) रिकामी होत आली की, मरगळते. माझी पिळल्या क्षणीच अडखळायची. वहीतल्या नोंदीही तेच सांगत होत्या.

इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या नळीच्या रबराला भेग असेल म्हणून आयडलिंगवर चालू ठेवून इस्त्रीचे कपडे भिजवायच्या बाटलीने जोडावर पाण्याचा फवारा मारला. आयडलिंग बदललं नाही. (काही जण इथे कार्ब क्लीनर फवारतात. गरम इंजिनावर ते पेट घेऊ शकतं, पाणी बरं.) कार्बोरेटरचा रबरी डायफ्राम काढून उजेडाकडे धरला, भोक नव्हतं.

मग चोकची चाचणी, माझ्या मते सगळ्यात सोपी आणि फुकट. चढावर फटाके सुरू झाले की एक्सलेटर तसाच धरून चोक अर्धा ओढायचा. पेट्रोल कमी पडत असेल तर चोकमुळे मिश्रण दाट होऊन गाडी लगेच सुधारते. माझी आणखी बिघडली. म्हणजे पेट्रोल पुरेसं होतं, ते पेटवणारी ठिणगी कमी पडत होती. चोकचा लिव्हर हँडलवर असेल तरच चालत्या गाडीवर हे करा, आणि रस्ता रिकामा असताना. वाकून कार्बोरेटरवरचा लिव्हर ओढायला जाऊ नका.

जानेवारीत अमावास्येच्या आसपास, रात्री जेवणं झाल्यावर, गाडी घरामागे पडवीच्या कडेला घेतली. अंगणातला दिवा बंद केला. डोळे अंधाराला सरावू दिले. गाडी चालू करून प्लगच्या टोपीवर आणि जाड वायरीवर पाण्याचा हलका फवारा मारला आणि हात लांब ठेवून एक्सलेटर झटकन दिला. टोपीच्या मानेपासून हेडच्या पात्यापर्यंत एक बारीक निळी रेघ उडाली. परत दिला, परत उडाली, टिक-टिक आवाजासकट. ठिणगी प्लगच्या टोकाला पडण्याऐवजी बाहेरच्या बाहेर निसटत होती. हे करताना टोपीला किंवा वायरीला हात लावू नका. हजारो व्होल्टचा झटका असतो, आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी तर जवळही थांबू नये.

ओझ्यावरच असं का, हे मला नंतर नीट समजलं. एक्सलेटर पूर्ण उघडला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त शिरतं, त्यामुळे ठिणगी पडायच्या वेळी आतला दाब वाढलेला असतो. दाब जास्त तितकी प्लगच्या फटीतून उडी मारायला विजेला जास्त व्होल्टेज लागते. तेवढी व्होल्टेज चढता चढता बाहेर कुठे कमजोर जागा असेल तर वीज तिथूनच पळते. सिलिंडरमधलं मिश्रण न पेटता सायलेन्सरमध्ये जातं आणि पुढच्या वेळी इंजिन पेटलं की मागच्या गरम वायूंनी तिथे त्याचा बार होतो. म्हणूनच नवा प्लग टाकल्यावर आठवडाभर बरं वाटलं होतं. जुन्या प्लगची झिजलेली फट रुंद होती, नव्याची अरुंद, म्हणून व्होल्टेज थोडी कमी लागली, आणि टोपी काढून घालताना तिचा संपर्कही तात्पुरता सुधारला.

मोजून खात्री करायला दापोलीच्या एका जुन्या मेकॅनिकचं नाव मित्राने सुचवलं. वयस्क माणूस, सगळे त्यांना चाचा म्हणतात, आणि वायरिंगच्या कामाला त्यांच्यासारखा हात नाही अशी ख्याती. धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी चढवून दाभोळला उतरलो आणि पुढे दापोली. रस्त्याने वळसा घालण्यापेक्षा हे फार जवळ पडतं, फक्त बोटीची वेळ आधी विचारून निघावं.

चाचांनी माझी वही वाचली. पूर्ण वाचली, चष्मा लावून. मग म्हणाले, "इंजिन कशाला खोलायचं? आधी करंट बघू." टोपी वायरीवरून पिळून काढली. मल्टिमीटरचे दोन टोक टोपीच्या दोन बाजूंना लावले. माझ्या गाडीच्या टोपीत सुमारे 5 किलोओहमचा रेझिस्टर असतो. मीटरवर अठरा, बावीस, मग काहीच नाही, परत अठरा असे आकडे नाचत होते. टोपी उन्हात दगडावर ठेवली आणि दहा मिनिटांनी मोजली, तर मीटर हललाच नाही. गरम झाली की आतून तुटत होती. दुपारी दोष वाढायचा तो यामुळे.

मग त्यांनी वायरीचं टोक माझ्यापुढे धरलं. तांब्याच्या तारा दिसायला हव्यात तिथे हिरवट-निळी भुकटी होती. नखाने खरवडली तर बोटावर आली, वास खारट. "हे समुद्राचं देणं," चाचा म्हणाले, "तुमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक गाडीला आज ना उद्या येतं." वायर लांबीला पुरेशी होती, म्हणून टोकाकडचा एक सेंटिमीटर कापला. खाली तांबं लालसर, स्वच्छ निघालं. नवी टोपी त्यावर पिळून बसवली. टोपी एकशेवीस रुपये.

बदल एकाच वेळी एक, हा त्यांचाही नियम. म्हणून फक्त टोपी बदलून मी चढावर गाडी घेऊन गेलो. फटाके जवळपास गेले, पण अगदी शेवटच्या टोकाला एखादी हुक राहिली होती. परत आल्यावर त्यांनी टाकी उचलून कॉईल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग, सोडली. कॉईल चॅसिसवर जिथे बोल्टने बसते तिथे गंजाचा तपकिरी पापुद्रा होता. कॉईलची अर्थिंग त्याच बोल्टातून जाते. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासून चकचकीत केल्या, नवा बोल्ट, नवा वॉशर. कॉईलची रेझिस्टन्सही मोजली, चांगली होती, बदलायची गरज नाही म्हणाले. नवी कॉईल विकली असती तर मी निमूट घेतली असती, त्यांनी विकली नाही. मजुरी दोनशे. त्यानंतर डबलसीट, तिसऱ्या गिअरमध्ये, भर दुपारी, मूठ चिकटपट्टीच्या शेवटच्या खुणेपर्यंत पिळली आणि गाडी सरळ ओढत गेली. डोळ्यांत पाणी आलं होतं हे खरं.

आता कागदांचं. आरसीची मुदत संपण्याआधी 60 दिवसांपासून अर्ज करता येतो. परिवहनच्या संकेतस्थळावर नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म 25, चालू विमा, चालू पीयूसी, मूळ आरसी. 2025 मध्ये दुचाकीच्या नूतनीकरणाची फी 1000 रुपये होती, शिवाय पर्यावरण कर 2000 रुपये, आणि कार्डाचे वगैरे किरकोळ वेगळे. मुदत टळली तर तेव्हा दुचाकीला महिन्याला 300 रुपये जादा पडत, म्हणून लांबवू नका. नव्या सुरक्षा नंबरप्लेटचंही त्याच सुमारास चाललं होतं. दुचाकीची प्लेट जीएसटीसह 531 रुपयांना पडली, तारीख मिळायला मात्र बरीच वाट पाहिली. ती बसल्यावरच मी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला गेलो, म्हणजे तिथे अडायला कारण राहू नये.

रत्नागिरीला न जाता आरटीओच्या चिपळूणच्या कॅम्पला गाडी दाखवली. सकाळी लवकर गेलात तर बरं, दुपारनंतर रांग उन्हात येते. निरीक्षकांनी चॅसिस नंबर, दिवे, हॉर्न, इंडिकेटर बघितले. चॅसिस नंबरावरचा गंज आणि ग्रीस आदल्या दिवशी रॉकेलच्या फडक्याने पुसून ठेवला होता, नंबर स्वच्छ दिसला, काम पटकन झालं. आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढून आली.

आता दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मी प्लगची टोपी काढतो, वायरीचं टोक बघतो, टोपीच्या रबराच्या आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवतो आणि कॉईलचा बोल्ट घासून परत आवळतो. ग्रीस रबराला लावायचं, तांब्याच्या टोकाला नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. सीटखाली एक जादा टोपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आहे. टोपी घेताना दुकानातच मीटर लावून मोजून घ्या, कारण नवी म्हणून मिळालेल्या दोन टोप्यांपैकी एक मला बिघडलेलीच मिळाली होती, आणि दुकानदाराने ती लगेच बदलून दिली.